सत्यभामाबाईंच्या नावेचा थेंब

इसापूर धरणाच्या फुगवट्यात सत्यभामाबाईंची लोखंडी नाव चालते, आणि नावेपेक्षा बाईंची जीभ जास्त चालते, असं काठावरचे लोक म्हणतात. तोंडावर मात्र कुणी म्हणत नाही. सगळ्यांना पलीकडच्या बाजाराला जायचं असतं, आणि सडकेनं वळसा घालायचा तर अर्धा दिवस जीपमध्ये दुसऱ्याच्या मांडीवर बसून जातो.

नाव जुनी. धरणाच्या कामावरून भंगारात निघालेली ही नाव बाईंच्या नवऱ्यानं, जळबानं, घरी आणली आणि विहिरीवरचं डिझेल इंजिन तिच्यात बसवलं. इंजिनाचा लांब शाफ्ट बुडातल्या नळीतून बाहेर पाण्यात जातो, त्याच्या टोकाला पंखा. जळबा गेला तेव्हा भावकीनं सल्ला दिला, की बाईमाणसानं नाव विकून चार शेळ्या घ्याव्यात.

"शेळ्या मानसं पल्याड नेतात का?" बाईंनी विचारलं. भावकी चहा पिऊन गेली.

यंदा मात्र नावेत पाणी यायला लागलं. बाजारकऱ्यांच्या पिशव्या भिजल्या, पिठाचा लगदा झाला. मच्छीमार सोसायटीचे चेअरमन अमृतराव यांच्या शब्दावर काठावरचा नावांचा धक्का चालतो. त्यांनी चारचौघांत सांगून टाकलं, "सोमवारी मी स्वतः पाहतो. आत येणारा एक थेंब जरी दिसला तर या धक्क्यावर ही नाव लागणार नाही. मग तिचा जनावरांना हौद करा."

"गळका हौद कुठं चालतो, चेरमन?" बाई म्हणाल्या. "बोलायच्या आधी इचार तरी करत जा."

बोलून झालं, पण बाई तशाच नावेत उतरून शाफ्टच्या नळीतून पाझरणारं पाणी बघत बसल्या. जळबाच्या मागं एवढी एकच गोष्ट उरली होती, नाव गेली की तीही जायची.

पहिला इलाज त्यांनी आपल्या मुलखाला शोभेल असाच केला. इकडं जीपचं रेडिएटर गळलं की ड्रायव्हर त्यात मूठभर हळद टाकतो आणि नांदेड गाठतो. बाईंनी शाफ्टच्या नळीत चांगली हिंगोलीच्या मोंढा बाजारातली हळद ग्रीसमध्ये कालवून ठासली. रेडिएटरचं पाणी तापतं, त्यात हळद फुगते. धरणाचं पाणी थंडगार. दुसऱ्या खेपेला बुडात पिवळंधमक तळं साचलं.

"नावेला हळद लागली," बाजाराच्या बाया खिदळल्या, "आता लगीन कवा?"

मग बाईंनी वारंगा फाट्यावरून अशफाकला बोलावलं. तो विहिरीवरचे पंप दुरुस्त करतो. ट्रॅक्टर लावून नाव काठावर ओढली. सुकाणू धरणारे बोल्ट गंजून काडीसारखे बारीक झाले होते, त्यांच्या भोकांतूनही पाणी झिरपत होतं. ते काढून नवे घातले, ट्यूबच्या रबराच्या चकत्या कापून खाली बसवल्या, वरून डांबर. शाफ्टच्या नळीतली पिवळी घाण खरवडून काढली, ग्रीसमध्ये भिजवलेल्या सुती दोरीचे वेढे शाफ्टभोवती कोंबले आणि वरून नट आवळला.

"बाई, नट एवढाच राहू द्या," अशफाक म्हणाला. "इथून थेंब थेंब पाणी येणार. यायलाच पाहिजे."

"काहून यावं? चेरमन काय म्हनला, ऐकलं न्हाई व्हय?"

अशफाकची पाठ वळताच बाईंनी पाना घेतला आणि सगळा राग त्या नटावर काढला. थेंब बंद. बाई खूश. नाव धरणाच्या मध्यावर पोचली तेव्हा जळका वास आला, इंजिन कण्हायला लागलं, शाफ्टच्या बुडाशी धूर. बाईंनी धावत जाऊन नट ढिला केला. पाणी चर्रकन आत आलं, धूर विझला, इंजिनाच्या जिवात जीव आला. बाईंच्या बोटांना फोड आले ते वेगळेच.

"पंपाच्या शाफ्टभोवतीची दोरी कधी कोरडी पाहिली का तुम्ही?" जळकी दोरी उपसत अशफाक कुरकुरला. "शाफ्ट फिरतो, तापतो. त्याला पाणी पाजावं लागतं, बाई."

"आता समजलं. बोलू नको."

रविवारी नव्या दोरीवर नट बराबर बसवून झाल्यावर अशफाकनं हळूच तोड सुचवली. "चेअरमन येईपर्यंत आवळून ठेवू. ते गेले की ढिला करू. कुणाला तकलीफ नाही."

बाई ताडकन उठल्या. "म्या चोरी केली व्हय? ज्या थेंबावर माझी नाव चालून राहिली, त्योच लपवू? पडू दे त्याच्या डोळ्यांदेखत!"

सोमवारी अमृतराव पांढऱ्याफेक कपड्यांत आले. पलीकडच्या गावी त्यांच्या पुतणीची सोयरीक ठरायची होती, म्हणून टोपीही कडक. वाकून त्यांनी टॉर्च मारला. बूड कोरडं. पण शाफ्टच्या नळीखाली डबा ठेवलेला, त्यात टप्पकन पडलं.

"हे काय?"

"थेंब."

"मी काय सांगितलं होतं?"

"तुमी बराबरच सांगितलं. शाफ्टनं ऐकलं न्हाई. त्यो थेंब थांबला की शाफ्ट जळतो, हे बघा." बाईंनी फोडांची बोटं पुढं केली. "म्या थांबवून पाहिला. आता न्हाई थांबवनार."

"मग धक्का बंद."

"करा. समद्यांना तुमीच सांगा."

समद्या म्हणजे बाजाराच्या बाया. त्या टोपल्यांसकट नावेत चढूनही बसल्या होत्या आणि चेअरमनकडे असं बघत होत्या, की अमृतरावांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं. पलीकडं पाहुणे ताटकळत होते.

"उतरा, न्हाईतर बसा," बाई म्हणाल्या. "मधी उभं राहू नका, नाव कलते."

अमृतराव बसले. बूट हातात, पाय फळीवर घेऊन अख्खं धरण त्यांनी पार केलं. पलीकडं उतरल्यावर मात्र आवाज फुटला. "हा विषय मी सोसायटीच्या बैठकीत घेणार!"

"घ्या की," बाई इंजिनावरून ओरडल्या. "बैठक अल्याड भरते. परत न्यायला म्याच येनार हाय."

अमृतरावांनी टोपी सारखी केली, पाहुण्यांच्या गावाकडं एकवार पाहिलं आणि किती वाजता येणार, एवढंच विचारलं.