आबांनी पारखलेला गिअरबॉक्स

आमच्या आबांना माझी मोटार आवडत नव्हती, आणि ते त्यांनी कधी लपवलंही नाही. परभणीजवळच्या गावात चांगली काळी जमीन असताना मुलगा स्टेशन रोडला पत्र्याच्या शेडमध्ये तेलकट हातांनी बसतो, हे त्यांना पटणं अवघडच होतं. मोटारीला ते ‘डबडं’ म्हणत. मला राग यायचा. राग माझ्या नाकाच्या शेंड्यावरच असे, अजूनही असतो.

निजामाचं राज्य होतं, दुसरं महायुद्ध अजून सुरू व्हायचं होतं. एका जहागीरदाराची उघडी अमेरिकन मोटार मी मोडीत घेतली होती. तिचं इंजिन खलास झालेलं, म्हणून एका लॉरीचं दणकट इंजिन तिच्यात बसवलं. मग ती अशी पळायची की टांगेवाले लांबूनच बाजूला होत. मी तर हवेतच होतो. गिअरबॉक्स मात्र तिचा मूळचा, नाजूकच ठेवला होता. चालतंय की, म्हटलं.

दिवाळीला धाकट्या बहिणीला पाथरीहून, तिच्या सासरहून, घेऊन येत होतो. वाटेत ओढ्याची चढण लागली. मी जोर दिला आणि खालून कडाडकन आवाज आला. इंजिन गुरगुरतंय, चाकं जागची हलेनात. गिअरचे दाते तुटले होते. बहीण नवं लुगडं वर खोचून काळ्या चिखलातून कोसभर चालली. ती हसत होती, मला मात्र तोंड लपवायला जागा नव्हती.

पुढे तिला पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आणायची वेळ आली. तिची तब्येत नाजूक होती. बैलगाडीचे धक्के अजिबात नकोत, असं सुईणीनं बजावलं होतं. आणि सासूबाईंनी निरोप धाडला, ‘त्या मोटारीत आमची सून बसणार न्हाई.’ मी तडक पाथरी गाठली आणि त्यांच्यासमोर शब्द देऊन बसलो, ‘तिचा पाय वाटेत एकदाही जमिनीला लागणार नाही. इथं बसेल ती आमच्या दारात उतरेल.’ दिवाळीची पायपीट त्या विसरल्या नव्हत्या. तरी म्हणाल्या, ‘एक डाव बघू.’

आता गिअरबॉक्स शोधणं आलं. मोंढ्याजवळ, धान्यबाजारापाशी, एक चाचा मोटारींचे जुने भाग विकायचे. त्यांच्याकडे निघालो तर आबा जोडा घालून तयार.

‘तुम्हाला त्यातलं काय कळतं?’ मी म्हणालो.

‘बैल कळतो,’ आबा म्हणाले.

चाचांनी दोन गिअरबॉक्स पुढे ठेवले. एक मोठ्या मोटारीचा, गुळगुळीत, हातानं फिरवला तरी आवाज न करणारा. माझा जीव त्यावरच जडला. दुसरा लॉरीचा, बोजड, गंजकट, फिरवला की घरघरणारा. आबांनी दोन्हींची झाकणं उघडायला लावली. आत बोट घालून दात्यांची रुंदी चाचपली, मधला दांडा मुठीत धरून पाहिला, मागं सरून दोघांकडे बराच वेळ बघत राहिले. बाजारात ते बैलापुढे असेच उभे राहत.

‘तुझं इंजिन तगडं हाय,’ ते म्हणाले. ‘तगड्या बैलासंगं रोडका जुंपला तर रोडका मरतो. ह्यो रोडका हाय. त्यो लॉरीचा घे.’

‘तो लय ओरडतो, आबा.’

‘वरडू दे. वढतोय का ते बघ.’

‘बडे मियाँ सच बोल रैं,’ चाचा म्हणाले, तेव्हा मी दोघांवरही चिडलो. पण गिअरबॉक्स लॉरीचाच घेतला.

आबांनी तो बैलगाडीत घालून आधी घरी नेला. नवा बैल घरात घ्यायचा तर आई त्याच्या पायावर पाणी घालते, हळदकुंकू लावते, अक्षता टाकते. तिनं याचंही तसंच केलं. मी झाकण काढून आबांना दाते पुन्हा दाखवत होतो, तेवढ्यात ती तांब्या घेऊन आली आणि सगळं पाणी अक्षतांसकट सरळ आत! मी असा ओरडलो की गोठ्यातली जनावरं बिचकली.

‘तोंड उघडं कुणी ठेवलं?’ आबांनी मलाच विचारलं. दिवसभर रॉकेलनं धुऊन मी तांदळाचा दाणा न् दाणा वेचला. आई शेजारी बसून दिवसभर चहा देत राहिली. अशा माणसांवर किती वेळ रागावणार?

गिअरबॉक्स मोटारीत बसवताना मागच्या चाकांकडे जाणारा दांडा वीतभर कापावा लागला, पण बसला. हुरड्याच्या दिवसांत बहिणीला घेऊन पाथरीहून निघालो. गिअरबॉक्स वाटभर घरघरत होता. ‘दादा, हे रडायलंय का?’ बहीण विचारायची.

ओढा आला. पाहतो तर पलीकडे चढणीच्या माथ्यावर आबा, आणि शेजारी आमची बैलजोडी. माझ्या डोक्यात तिडीकच गेली. माझी मोटार बसणार आणि पोरीला बैलगाडीत घालून न्यावं लागणार, हे यांनी धरूनच ठेवलं होतं तर! पहिला गिअर टाकला. गिअरबॉक्स ओरडला, मोटार हळूहळू, न थांबता, चढण चढून वर आली.

आबांसमोर थांबवली आणि बसल्या जागेवरून भांडायलाच लागलो, ‘एवढासुद्धा भरवसा नाही माझ्यावर? गाडी घेऊन आलात?’

‘गाडी कुठाय?’ आबा म्हणाले.

खरंच, गाडी नव्हती. बैलांच्या मानेवर नुसतं जू होतं, आणि आबांच्या खांद्यावर विहिरीवरच्या मोटेचा नाडा, जाडजूड दोरखंड.

‘पोरीचा पाय भुईला लागणार न्हाई म्हणून तू पाथरीला जबान देऊन आलास न्हवं?’ ते म्हणाले. ‘मोटार बसली असती तर तिच्यासकट वढून नेली असती. दारापत्तुर.’

मला समोरचा रस्ता नीट दिसेना. शेवटी बहिणीनंच मागून खांद्याला हात लावला.

‘चल की, दादा. आई वाट बघायलीय.’