भिंतीवरचा हबशी

आमच्या भांडुपच्या घरात टीव्हीच्या वर एका हबशी वजिराचं चित्र असायचं. काळा, भारदस्त माणूस, पांढरा अंगरखा, कमरेला तलवार. घरी पहिल्यांदा आलेला पाहुणा आधी चित्राकडे बघायचा, मग बाबांकडे, आणि चाचरत विचारायचा, "आजोबा का?" बाबा खूश व्हायचे. मला वक्तृत्वाचं बक्षीस मिळाल्याचा फोटो मात्र फ्रिजच्या मागे पडला होता.

मी त्या माणसावर जळायचे. निजामशाहीत होऊन गेलेल्या, कधीच मातीत मिसळलेल्या माणसावर जळणं वेडेपणाचं आहे हे कळायचं, तरी जळायचे.

बाबा पालिकेच्या पाणीखात्यात होते, आणि या वजिराने मराठवाड्यातल्या एका शहराला जमिनीखालून नहर काढून पाणी पाजलं होतं. तेवढ्यावर दोघांचं जमलं. सुट्टीत मैत्रिणी मनोरीच्या समुद्रावर जायच्या, आम्ही ती नहर बघायला. दहावीला मला छान मार्क पडले, तेव्हा पेढा तोंडात टाकून बाबा म्हणाले, "चांगलं झालं हो. तो तर लहानपणीच विकला गेला होता. आफ्रिकेतून इथवर आला आणि गुलामाचा वजीर झाला." आता मला कुणी विकलं नाही, हा काय माझा गुन्हा?

बाबांच्याच एका पुस्तकात मी वाचलं, की मुघल बादशहाही याच्यावर असाच जळायचा. हबशी काही केल्या हाती लागेना, म्हणून त्याने एक चित्र काढून घेतलं. भाल्यावर हबश्याचं मुंडकं, आणि बादशहा त्यावर नेम धरून बाण मारतोय. सगळे त्याला हसतात. मला त्या बादशहाचं दुःख बरोबर कळलं.

माझं लग्न ठरलं ते चारकोपला. लग्न लागल्यावर सासरी होणारं लक्ष्मीपूजनही हॉलवरच उरकायचं होतं. ताटात तांदूळ पसरले, नवऱ्याने अंगठी हातात घेतली. तांदळात नवरीचं नवं नाव लिहायचं, ते सासूबाईंनी ठरवून ठेवलेलं. मला ते तिथेच कळलं. तोंडात आलेला शब्द गिळून मी मान खाली घातली.

"थांबा जरा, जावईबापू," बाबा म्हणाले. "आमच्या घरी एक हबशी आहे."

सासरची माणसं एकमेकांकडे बघायला लागली. माझ्या लग्नातसुद्धा हा मेला आलाच! मी दातओठ खाऊन पुटपुटले, "बाबा, आज तरी नको हो."

"त्याला विकलं, तेव्हा मालकाने त्याचं नाव बदललं," बाबा सांगतच राहिले. "आईने ठेवलेलं नाव कुणी विचारलंच नाही. एवढा वजीर झाला, पण ते नाव गेलं ते गेलंच." मग सासूबाईंकडे वळून हात जोडून म्हणाले, "विहीणबाई, राग मानू नका. पण हिला एकदा विचारा ना."

सासूबाईंचा चेहरा पडला. भटजी घड्याळ बघू लागले. शेवटी नवऱ्यानेच विचारलं, "काय लिहू गं?"

"माझं आहे तेच लिही," मी म्हणाले. माझा आवाज इतका चढला होता की भटजी दचकले. नवऱ्याने माझंच नाव लिहिलं.

मी बाबांकडे बघितलं. वाटलं, आता तरी माझ्याजवळ येतील, डोक्यावर हात ठेवतील. ते वाढप्याला मठ्ठा आणायला सांगत होते. पाठवणीच्या वेळीही कोरडे ठणठणीत. "पोचलीस की फोन कर," एवढंच.

दुसऱ्या दिवशी आईचा फोन आला. म्हणाली, "काल घरी आल्यावर तुझ्या बाबांनी चपलासुद्धा काढल्या नाहीत. त्या चित्रासमोर उभे राहून ढसाढसा रडले गं."

बाबा रडले, ते त्याच्यासमोर. ते रडणं माझं होतं. त्या हबश्याला मी ते अजून माफ केलेलं नाही.