घर, गॅरेज आणि मधला पत्रा

दादा घरात यायच्या आधी त्यांचं खाकरणं यायचं. अंगणातून घसा साफ केल्याचा आवाज, मग जरा थांबणं, मग चपला काढणं. तेवढ्यात मी पदर डोक्यावर ओढून ओट्याकडे तोंड करून उभी. दादा म्हणजे माझे जेठ, यांचे थोरले भाऊ. धाकट्याच्या बायकोनं जेठाशी समोरासमोर बोलायचं नाही, अशी आमच्या घरची रीत. मी तर रीतीच्याही दोन पावलं पुढे. पदर नाकापर्यंत ओढायचे, स्वतःला फार खानदानी समजायचे, आणि त्या अंधारात एकदा आमटीत मिठाऐवजी साखर घातली. दादांनी वाटी संपवली आणि यांना विचारलं, "आज सण आहे का रे?"

बोलायचं तर कोणाच्या तरी मार्फत. हे घरी असले तर यांच्या, नाहीतर जीपच्या. निंबोल्याच्या शेतावरून केळी आणणारी ती जुनी जीप दादांची लाडकी, नाव राणी. मी अंगणात कपडे वाळत घालता घालता जीपला म्हणायचे, "राणी, वांग्याचं भरीत झालंय, भाकरी गार होईल." बॉनेटखालून उत्तर यायचं, "राणी, धाकटीला सांग, हात धुतले की आलोच." असा आमचा वर्षानुवर्षांचा संवाद. शेजारणींना वाटे, या घरात जीपला फार मान आहे.

वहिनी, म्हणजे दादांची बायको, गेली आणि पुढच्याच आठवड्यात दादांनी आपली खाट गॅरेजमध्ये नेली. गॅरेज अंगणाच्या पार दुसऱ्या टोकाला. हे चिडले, "लोक काय म्हणतील? भावाला गाडीजवळ झोपवलं?" दादा म्हणाले, "घरात आता दुसरी बाई नाही. मी दिवसभर आत फिरलो तर धाकटीनं पदरातच जन्म काढायचा का? राणीला मी चालतो." मी आतून ऐकलं. मला वाटलं, माझ्या साखरेच्या आमटीला कंटाळले.

मग त्या पावसाळ्यात, डोक्यावर केळीचं पान धरून जेवायला येताना दादा अंगणाच्या चिखलात घसरले. मनगट प्लास्टरमध्ये गेलं. तिसऱ्या दिवशी यांना म्हणाले, "मी निंबोल्याला शेतातल्या खोलीवर राहायला जातो. तिथे घसरलो तरी कोणाला त्रास नाही." कोणाला त्रास नाही, म्हणजे कोणाला कळणारही नाही. हात मोडलेला सत्तरीचा माणूस, चूल एकट्यानं पेटवणार. मला त्या रात्री भाकरी गोड लागली नाही.

सकाळी मी गॅरेजच्या दाराशी गेले आणि जीपला म्हटलं, "राणी, घर आणि गॅरेजच्या मधे पत्रा टाकला तर? तू पण सावलीत, आणि जेवायला येणारा माणूस पण कोरडा."

आतून आलं, "राणी, खर्च उगाच."

"राणी, तू निंबोल्याला गेलीस तर मी पण शेतावर डबा घेऊन येईन. रोज. पायी."

"राणी," आवाज जरा हसरा झाला, "धाकटी हट्टी आहे गं."

मिस्त्री आला. घराच्या भिंतीला एक टोक, गॅरेजच्या भिंतीला दुसरं, मधे लोखंडी पाईप, पाणी कडेच्या पन्हळीत. पत्रा किती उंच, ते दादांनी ठरवलं. मला तो फार बुटका वाटला. पण जेठाला कसं सांगणार? शेवटी कपडे वाळत घालताना म्हटलं, "राणी, तुला मान वाकवून यावं लागेल बाई." दादांना वाटलं मी थट्टा करते. म्हणाले, "राणी, तू पण पदर घ्यायला शीक." झालं. पत्रा बसला, नारळ फुटला, दादांनी डाव्या हातानं जीप आत घेतली आणि जीपचं छत पत्र्याच्या कडेला अडकलं. पुढे जाईना, मागे येईना. जीपसाठी केलेल्या मांडवात जीपच मावेना!

दादांनी यांना सांगितलं, तेव्हा कुठे कळलं पत्रा बुटका का ते. उंच ठेवला असता तर गॅरेजमधल्या खाटेवरून माझ्या स्वयंपाकघराची खिडकी दिसली असती. धाकटीनं निवांत उघड्या डोक्यानं वावरावं म्हणून! मिस्त्रीनं कपाळाला हात लावला, "दादाजी, पहले बोलना था ना!" पत्रा वर चढवला, आणि दादांनी स्वतः गॅरेजच्या दाराला गोणपाटाचा पडदा लावला.

निंबोल्याचं नाव पुन्हा निघालं नाही. पण पाऊस आला आणि पत्रा असा वाजायला लागला की खाकरणं ऐकूच येईना. दादा बिचारे दाराबाहेर कोरडे उभे, खाकरताहेत, आणि मी आत निवांत पापड भाजतेय. मग त्यांनी उपाय काढला. जीपचा हॉर्न. भूक लागली की हॉर्न. सगळ्या गल्लीला कळायचं, दादांना जेवायचंय. शेजारीण म्हणाली, "काय गं, जेवायला वाढत नाहीस का त्यांना?"

मी भाकरीच्या पिठाच्या हातानं दारात आले. पदर कुठे होता देव जाणे. म्हटलं, "दादा, हॉर्न नका वाजवू. या आत. दार उघडंच असतं."

दादांनी माझ्याकडे पाहिलं नाही. जीपच्या बॉनेटवर हात ठेवून म्हणाले, "राणी, ऐकलंस? धाकटी बोलली." आणि मुकाट्यानं आत येऊन पाटावर बसले.

त्यानंतर दादा खूप वर्षं जगले. माझ्याशी थेट बोलू लागले, तरी माझं कौतुक करायचं असलं की जीपलाच सांगत. गेल्या हिवाळ्यात गेले, त्याच गॅरेजमध्ये, झोपेतच. राणी अजून तिथेच आहे, चालत नाही.

आता पत्र्याखाली माझ्या नातीची कार येते. कामावरून परतली की हॉर्न वाजवते, आणि माझा हात आपोआप डोक्यावर जातो. हिंदी शाळेत शिकलेली ती हसते, "आजी, मैं हूँ! कोई जेठ नहीं."

"माहीत आहे गं," मी म्हणते, "पदर तुझ्यासाठी नाही घेतला."