हुर्र्र नाही म्हणायचं, देवराव भाऊ!

पक्षी दाखवणाऱ्या माणसाजवळ पक्ष्यांचे कमी आणि माणसांचेच किस्से जास्त जमतात. राजहंस परतीला निघायच्या आधी, फेब्रुवारीत, मी सावलीजवळच्या आमच्या तलावावर हौशी मंडळींना फिरवतो. सोबत देवराव भाऊ. तलावात मासेमारी, काठावर लाखोळीच्या डाळीचं शेत, आणि माझे असिस्टंट गाईड!

*

एकदा कोरपन्याचे एक इंजिनिअर साहेब आले. सारखं घड्याळ बघत होते. शेवटी म्हणाले, "एक्झॅक्ट किती वाजता येतात हो हंस?"

भाऊ म्हणाले, "एसटीनं नाई येत साहेब, नाईतर अजून लेट झाले असते!"

*

एका पाहुण्याने तलावाच्या बांधावर, पाळीवर, ट्रायपॉड उभा केला. झालं, अर्धं गाव गोळा!

एकाने विचारलं, "मोजणी व्हय का? रस्ता इथून जाऊन राह्यला का?"

मी म्हटलं, "बाबा, ते पक्षी बघून राह्यले." कुणालाच पटलं नाही.

एक आजोबा जाताना माझ्या कानात म्हणाले, "मंजूर झाला की सांगजा. लपवू नको!"

*

पण खरा प्रॉब्लेम आमचे भाऊच! हंस लाखोळी फस्त करतात, त्यामुळे भाऊंचा जन्म हंस हाकलण्यात गेलेला. पहिल्याच वॉकला थवा कॅमेऱ्याच्या टप्प्यात आला आणि भाऊंनी टाळ्या पिटल्या, "हुर्र्र!" थवा पार पलीकडच्या काठाला!

"काऊन उडवले भाऊ?"

"मी कुठी उडवले? हातानं उडवले!"

नागपूरच्या रिटायर्ड शिक्षिका रेखा मॅडमचा फोटो तेव्हा हुकला. बिचाऱ्या पुढच्या वर्षी पुन्हा आल्या. या वेळी भाऊंच्या बायकोने, सुमनबाईने, नवऱ्याच्या दोन्ही हातांत चहाचे थर्मास दिले. थवा आला. हात जागेवर राहिले, पण तोंडातून निघालंच, "हुर्र्र!"

सुमनबाई म्हणाल्या, "घ्या! हात बांधले, तोंड राह्यलं!"

*

यंदा मॅडम तिसऱ्यांदा आल्या. आता त्या मुलाकडे बंगळूरला कायमच्या जाणार, म्हणजे हा शेवटचा चान्स. भाऊंनीही मनावर घेतलं. दोन्ही हातांत थर्मास आणि तोंडात गच्च तंबाखूचा खर्रा!

थवा आला, एक गिरकी घेतली आणि उतरला तो थेट भाऊंच्याच लाखोळीत. शेंगा भरलेल्या होत्या.

"भाऊ, तुमचं वावर!" मी कुजबुजलो.

भाऊंनी मान हलवली आणि हनुवटीनेच मॅडमकडे खूण केली. होऊ द्या त्यांचा फोटो! डोळे मात्र शेतावरून हलत नव्हते.

मॅडमनी फोकस केला. मग कॅमेरा तसाच धरून मला विचारलं, "कोणाचं शेत आहे हे?"

खोटं बोलवेना. म्हटलं, "भाऊंचं."

मॅडमनी कॅमेरा गळ्यात सोडला, पदर खोचला, दोन्ही हात वर केले.

"हुर्र्र!"