गस्तीच्या गाडीतून आलेली हाक

पोलिसांच्या गस्तीच्या गाडीला आतून एक गंध असतो. उन्हात तापलेल्या रेक्झिनचा, डिझेलचा आणि प्रथमोपचाराच्या पेटीतून झिरपणाऱ्या जंतुनाशकाचा तो संमिश्र गंध मला पन्नाशी उलटल्यावर प्रथम कळला. तोवर ती गाडी मी बाहेरूनच पाहिली होती. खरे सांगायचे तर पाहायचे टाळले होते. उदगीरच्या चौकात ती उभी दिसली, माथ्यावरची तांबड्या-निळ्या दिव्यांची पट्टी लुकलुकू लागली, की काही गुन्हा केलेला नसताना माझी स्कूटर आपोआप मंदावायची. आपल्यासारख्या पापभीरू माणसांचे असेच असते, नाही का? भय आणि आदर यांच्यातली सीमारेषा इतकी पुसट, की आयुष्यभर आपण एकाला दुसऱ्याच्या नावाने ओळखत राहतो.

त्या गाडीच्या मागच्या आसनावर मला बसवले ते माझ्या वडिलांनी.

अप्पा गुरांच्या दवाखान्यात ड्रेसर होते. हुद्दा लहान, पण देवणी गाव आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांवरची माणसे त्यांना ‘डागदर’च म्हणत. काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांच्या त्या देखण्या देवणी गायी त्यांच्या हाताखाली व्यायल्या, त्यांचे खोंड त्यांच्या देखत नांगराला जुंपले गेले. कुणी दारात येऊन ‘गाय अडलीय’ म्हटले, की अप्पा पानावरून उठत. माझ्या लग्नातही अक्षता पडल्यावर पाच मिनिटांत ते कुणाच्या तरी गोठ्यात होते! आई त्यावरून जन्मभर रुसली आणि जन्मभर त्यांचा डबा भरत राहिली.

आई गेली, अप्पा उदगीरला माझ्याकडे राहायला आले, आणि त्यांची स्मृती तिच्यामागोमाग निघाल्यासारखी हळूहळू घराबाहेर पडू लागली. आधी तारखा गेल्या, मग जावयाचे नाव गेले, मग मी. मला ते कधी आईच्या नावाने हाक मारीत, कधी ‘बाई, तुम्ही कोण गावच्या?’ असे अदबीने विचारीत. त्या अदबीने काळीज किती चिरते, हे ज्याने सोसले त्यालाच ठाऊक.

चैत्रातल्या एका सकाळी मी परीक्षेच्या कामासाठी, मराठी शिकवते त्या महाविद्यालयात गेले. माझे पती नांदेडला होते. अकराच्या सुमारास मी परतले तर दार उघडे, खुंटीवरची कापडी पिशवी नाही आणि अप्पा नाहीत. मी स्कूटर काढली. बाजार, स्थानक, किल्ल्याकडचा रस्ता, सगळीकडे हिंडले. पण कुणाला स्पष्ट विचारले नाही. ‘अप्पांना पाहिलंत का?’ एवढे तीन शब्द जिभेवर येईनात. लोक म्हणतील, शिकलीसवरलेली लेक आणि बापाला सांभाळता आले नाही. अशा लाजेपायी मी दोन तास घालवले. डोक्यावर मराठवाड्यातले ते निर्दय ऊन, आणि त्यात कुठेतरी एक ऐंशीच्या उंबरठ्यावरचा जीव पाण्यावाचून चाललेला! अखेर पोलिसांच्या मदतीचा क्रमांक फिरवला.

तिकडून बोलणाऱ्या मुलीने पत्ता विचारला, मला फाटकात थांबायला सांगितले, आणि मी पदराने डोळे टिपते न टिपते तोच गाडी दारात आली. गाडीत दोघे होते. सुनीताताई नावाच्या तरुण शिपाई आणि चालक हवालदार रशीदभाई, केस पिकलेले, देवणीकडचेच. माझ्या घराचा ठिपका त्यांच्यासमोरच्या लहानशा पडद्यावर आधीच उमटला होता.

“ताई, रडायचं मागून. पयले सांगा, अंगावर काय हाय? चालतात कसे? नोकरी कुठं केली?” रशीदभाई म्हणाले.

धोतर, पांढरा सदरा, डाव्या पायाने किंचित लंगडतात, देवणीचा दवाखाना. लाजेपायी दोन तास एकटीच हिंडले, तेही. मी सांगत गेले, आणि सुनीताताई तेच शब्द बिनतारी यंत्रावरून पुढे पाठवत गेल्या. माझ्या घरातले दुःख, जे मी शेजारणीपासून लपवले होते, ते आता आकाशमार्गे देवणीपर्यंत पोचत होते; आणि नवल असे, की मला लाज वाटली नाही, हलके वाटले. थोड्याच वेळात यंत्र खरखरले. तिकडच्या गाडीला एक दूधवाला भेटला होता. असाच एक म्हातारा त्याने रस्त्यालगतच्या उसाजवळ पाहिला होता, झपाट्याने देवणीकडे चाललेला.

मला मागच्या आसनावर बसवून गाडी देवणीच्या रस्त्याला लागली. मी आतून ती न्याहाळत होते. मागे घडी करून ठेवलेला स्ट्रेचर, दोरखंडाचे वेटोळे, आग विझवायचे नळकांडे, दंगलीत घालायची शिरस्त्राणे आणि पारदर्शक ढाली. दगड झेलण्यासाठी केलेल्या वस्तू आणि जखम बांधण्यासाठी केलेल्या वस्तू एकाच कोपऱ्यात खेटून बसलेल्या! गाडी खड्ड्यातून गेली की दोन्ही सारख्याच खडखडत होत्या.

उसाच्या बांधाशी अप्पांची एक चप्पल सापडली. पुढे पुरुषभर उंचीचा ऊस, एकरच्या एकर. आत शिरावे तर हाताच्या अंतरावरचे दिसत नव्हते. वारा पडलेला; पाते हलत नव्हते. सुनीताताईंनी टपावरच्या ध्वनिवर्धकाचा माइक हाती घेऊन अप्पांचे नाव पुकारले. स्वच्छ, खणखणीत, सरकारी आवाज शिवारभर पसरला आणि विरला. उत्तर नाही. मग त्यांनी तो माइक माझ्या हाती दिला. गुंडाळलेल्या तारेचा तो काळा ठोकळा घामाने निसटत होता.

“अप्पा, मी कुंदा. घरी चला, अप्पा.”

माझाच आवाज राक्षसी होऊन माझ्यावर कोसळला. उसातून टिटवी उडाली, इतकेच. त्यांची कुंदा परकर-पोलक्यातली असेल. या घोगऱ्या, वयस्क बाईला त्यांनी का ओ द्यावी?

रशीदभाईंनी मान तिरकी करून मला विचारले, “ताई, गावातले लोक यांला काय म्हणून हाक मारायचे?”

“डागदर म्हणायचे. गाय अडली की बोलवायला यायचे.”

“दवाखान्यातले डागदर? आमच्या वडलांची म्हैस यांनीच वाचवली होती, ताई.” त्यांनी माइक घेतला, तोंडाशी नेला, आणि गोठ्यातून धावत आलेल्या माणसाच्या काकुळतीने हाक घातली, “डागदरसाब! ओ डागदरसाब! गाय अडलीय हो! लवकर चला!”

जमाव पांगवण्यासाठी बसवलेला तो भोंगा. त्यातून आजवर ‘मागे सरा’, ‘गर्दी करू नका’ हेच ऐकले होते मी. त्याच भोंग्यातून एक शेतकरी आपल्या गायीसाठी जीव टाकून ओरडत होता. दुसऱ्या हाकेला उजवीकडची पाती सळसळली. तिसऱ्या हाकेला ऊस दुभागला आणि एका पायात चप्पल, खांद्याला ती कापडी पिशवी, सदऱ्याच्या बाह्या कोपरापर्यंत सारलेल्या, ओठ सुकून पांढरे पडलेले असे माझे अप्पा बाहेर आले.

“कुठंय गाय?” त्यांनी विचारले. “पाणी तापवा. आन् हात लावू नका कोणी.”

एवढे बोलून त्यांचा तोल गेला. रशीदभाईंनी त्यांना वरच्या वर झेलले. स्ट्रेचर उलगडला, पेटी उघडली, सुनीताताईंनी स्वतःचा रुमाल पाण्यात बुडवून त्यांच्या मानेवर ठेवला आणि क्षारयुक्त पाणी घोट-घोट पाजले. अप्पा मात्र उठायची धडपड करीतच होते. गाय अडलेली असताना झोपून कसे राहायचे?

रशीदभाई त्यांच्या कानाशी वाकले. “डागदरसाब, मोकळी झाली गाय. तुमचा आवाज ऐकला अन् मोकळी झाली. कालवड हाय.”

“वासरामागं वार पडली का?”

“हाव, पडली.”

“मग बाजरी शिजवून गूळ घाला तिला,” अप्पा म्हणाले, आणि त्यांचे सारे अंग एकदम सैल पडले. किती वर्षांत त्यांच्या चेहऱ्यावर तशी तृप्ती मी पाहिली नव्हती! आम्ही त्यांची औषधे चुकवली नव्हती, जेवण चुकवले नव्हते. पण त्यांची कुणाला गरज आहे, हे त्यांना किती दिवसांत कुणी सांगितले नव्हते. ते एका चालकाने सांगितले, तेही शिवारभर ऐकू जाईल असे.

देवणीच्या रुग्णालयात सलाईन लागले. अंगातले पाणी फार कमी झाले होते; आणखी तासभर गेला असता तर कठीण होते, असे डॉक्टर म्हणाले. तो तास मी स्कूटरवरून गप्प हिंडण्यात दोनदा उधळला होता.

दोघे निघताना निरोप घ्यायला खाटेशी आले. त्यांना दुसरीकडून बोलावणे आले होते. मी हात जोडले. कृतज्ञता मोठी झाली की भाषेच्या बाईलाही शब्द पुरत नाहीत. रशीदभाईंनी अप्पांना कडक सलाम ठोकला. अप्पांनी डोळे उघडले, आम्हा तिघांकडे नीट पाहिले, आणि समोर जणू गायीचे धनी उभे आहेत अशा अधिकाराने दटावले.

“पुढच्या खेपेला येळ करू नका. लोक काय म्हणतील म्हणून घरच्या घरी वढत बसता, आन् मग बोलवता. अडली दिसली की लगेच हाक मारायची.”

सुनीताताईंनी नजर माझ्याकडे वळवली नाही. हा त्यांचा मोठेपणा. मी पुढे झाले आणि अप्पांचे धुळीने माखलेले पाऊल हातात घेतले.

“हाव डागदर,” मी म्हणाले. “आता न्हाई येळ करणार.”