पंगतीला कोळी

सरकारी ऑफिसात धूळ आणि किस्से आपोआप साचतात. धूळ झाडायला आमच्याकडं गफूरभाई शिपाई होते. किस्से मात्र रिटायर होताना माझ्याबरोबर घरी आले.

आमचं कृषी संशोधन केंद्र. सगळा मुलूख कापूस-सोयाबीनचा, आणि आमच्या शास्त्रज्ञ मॅडमना प्रयोग करायचा भातावर! मुदखेडकडं कालव्याखाली भात लावणारे नागोराव सापडले. शेताचे चार तुकडे केले. दोनांत जुना गावठी वाण, दोनांत नवा संकरित. प्रत्येकाच्या एका तुकड्याला युरिया कमी, दुसऱ्याला भरपूर. फवारणी कुठंच नाही. भाताचा रस शोषणाऱ्या तुडतुड्यांना जाळ्यातले कोळी कोणत्या तुकड्यात आवरतात, ते बघायचं.

नागोरावांच्या लेकीचं लग्न ठरलेलं. पंगतीला घरचाच भात वाढणार, असं ते व्याह्यांना सांगून बसलेले.

"फवारायचं न्हाई? मग मॅडम, पंगतीला कोळी वाढू का?"

•

भरपूर युरियाचा संकरित तुकडा रस्त्याला लागून होता. एक दिवस तो हिरवागार सोडून काळपट हिरवा दिसायला लागला. मॅडमनी विचारलं, "नागोराव, जास्तीचं खत टाकलं ना?"

"थोडं टाकलं. शेजारी म्हणायला लागला, तुमच्या भाताला कावीळ झाली! येणारे-जाणारे बघतात की, मॅडम."

येणाऱ्या-जाणाऱ्यांत तुडतुडेही होते. त्यांना तुकडा फारच आवडला.

•

मोठे साहेब प्रयोग बघायला येणार होते. गफूरभाई पहाटेच झाडू घेऊन गावठी भातात शिरले. मॅडम पोचल्या तेव्हा ते घाम पुसत उभे होते.

"एकदम साफ, मॅडम! एक जाळा नै छोडा!"

मॅडमनी आधी त्यांच्या हातातला झाडू काढून घेतला.

कोळ्यांनी चार-पाच दिवसांत सगळं बांधकाम पुन्हा उभं केलं. निविदा न काढता!

साहेबांनी मात्र त्याच दिवशी तो झाडलेला भात बघितला, खूश झाले. "औषध कोणतं वापरलं?"

नागोराव म्हणाले, "कोळी."

"अच्छा. कोणत्या कंपनीचं?"

•

मग तुडतुड्यांमुळं रस्त्याकडचा तुकडा गोल-गोल करपत गेला. नागोराव पाठीवर फवारणीचा भरलेला पंप घेऊन आले. लग्नाच्या तांदळाचा प्रश्न होता. मॅडमनी अडवलं नाही. "शेत तुमचं, पंगत तुमची. फक्त आधी गावठी भाताच्या बुडाशी बघून या."

नागोराव तिथं वाकून बसले ते बराच वेळ उठेनात. शेवटी पंप तसाच भरलेला घेऊन परत आले.

मी विचारलं, "काय झालं?"

"कामावर हायत सगळे," एवढंच म्हणाले.

•

लग्नाला आम्ही सगळे गेलो. रस्त्याकडच्या तुकड्यातून जेमतेम पेंढा निघाला होता, पण ताटात भात घरचाच होता. शेजाऱ्यानं तीनदा मागून घेतला.

हात धुवायला आम्ही ओसरीवर गेलो. कोपऱ्यात वर ऐसपैस जाळं होतं. लग्नाचं घर, आणि जाळं! गफूरभाईंची नोकरी जागी झाली. झाडू शोधून त्यांनी हात वर केला, तोच नागोराव भर मांडवातून ओरडले,

"ओ गफूरभाई, राहू द्या! मुलीकडची माणसं हायत ती!"