कानाची मशीन

वैमानिकाच्या डोक्यावर टोपी असते असं लोकांना वाटतं. टोपी विमानतळाच्या दारापासून विमानाच्या दारापर्यंतच. आत गेल्यावर ती बाजूला पडते आणि मग दिवसभर डोक्यावर बसतो तो हेडसेट. वाईट हेडसेट तर असा बसतो की उतरायचं नाव घेत नाही. संध्याकाळी काढून ठेवला तरी कानशिलं रात्रभर त्याच्या नावानं ठणकतात.

मी तेव्हा पंख्यांच्या छोट्या विमानावर सहवैमानिक होते. दोन्ही पंखे आमच्या पाठीमागे अखंड घुमत असायचे. मला मिळालेला हेडसेट जड होता, चिमट्यासारखा आवळायचा, आणि त्यात मला चष्मा. चष्म्याची काडी आणि कानावरची गादी यांच्यामध्ये माझ्या कातडीचा भरडा व्हायचा. भरडा हा आमच्या घरातला रोजचा शब्द. बाबा भंडारा जिल्ह्यातल्या शहापूरजवळच्या एका राईस मिलमध्ये धान भरडायच्या मशीनवर होते.

माझी कुरकुर ऐकून शेवटी आमच्या एका कॅप्टनांचे कान किटले. चांगला हेडसेट घे एकदाचा, म्हणाले, आणि निवडायची रीतही सांगितली. दुकानात नुसता डोक्याला लावून आरशात बघायचं नाही, तो काही मुकुट नव्हे. चष्म्यासकट घालायचा, खुर्चीत निवांत बसायचं, चहा प्यायचा, बोलायचं, मोठी जांभई द्यायची. जबडा हलला की गादी कानावरून जराशी सुटते आणि तिथून आवाज आत शिरतो. खाली वाकून पडलेलं पेन उचलायचं. तेवढ्यात घसरला तर तो आपला नाही. मला ही रीत स्थळ बघण्यापेक्षा बरी वाटली. तिथं जांभई द्यायची सोय नसते.

दिल्लीतल्या एका दुकानात मी तीन हेडसेट घालून बसले. दुकानदारानं मोठ्या स्पीकरवर पंख्याच्या विमानाची घरघर लावून दिली होती. पहिला हलकाफुल, पण घरघर जशीच्या तशी. दुसऱ्याची बोंडं कानाच्या आत घालायची होती. मला लहानपणापासून कानात काही घातलेलं सोसत नाही, मी तो लगेच परत केला. तिसऱ्याच्या वायरीला एक डबी होती आणि डबीवर बटण. ते दाबलं आणि घरघर गेली. दुकानदारानं समजावून सांगितलं की आतला बारका माइक बाहेरचा जड, सलग आवाज ऐकतो आणि त्याच्या नेमका उलटा आवाज कानात सोडतो. दोन्ही एकमेकांना मारतात, माणसाचं बोलणं मात्र राहतं.

बोलून बघायचं होतं म्हणून मी तो फोनला जोडला आणि घरी आईला फोन लावला.

"काय करून राहिली व?" आईनं विचारलं.

"कानाची मशीन पाहून राहिली. पंख्याचा आवाज कमी होते अन् माणसाचं बोलणं साफ आयकू येते."

"डोक्यावर ठेवाची हाय का? मंग चुंबळ कशी हाय ते पाय पयले."

डोक्यावर घागर किंवा भारा घेताना खाली कापडाची गुंडाळी ठेवतात, ती चुंबळ. तिसऱ्या हेडसेटची चुंबळ खरोखरच मऊ होती. मग आईनं ही बातमी बाबांना सांगितली. बाबांना काही सांगायचं म्हणजे कानाशी तोंड नेऊन ओरडायचं, आणि ओरडताना माणूस लांबण लावत नाही. आईनं तेवढंच उचललं.

"पोरगी कानाची मशीन घेऊन राहिली. बोलणं साफ आयकू येते."

मागून बाबांचा आवाज आला, "कवा आणते?"

येत्या सुट्टीत, मी सांगितलं. आईचा आवाज इतका जवळून मी कधी ऐकला नव्हता, तिच्या बांगड्यासुद्धा ऐकू येत होत्या. तेवढ्यावर मी तो हेडसेट घेतला आणि दिवसभर स्वतःवर खूश होते.

आमच्याकडे कानाची मशीन म्हणजे एकच, ज्याला ऐकू येत नाही त्यानं लावायची ती. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. त्या घटकेला सुचलं नाही.

बाबांना ऐकू येत नाही हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं, फक्त बाबांना नव्हतं. त्यांच्या मते कानात कोंडा गेला होता. कोमट तेल आणि कापसाचा बोळा घालून ते बसत आणि म्हणत, "दडे बसले हायत, होतीन मोकळे." पुढे पुढे त्यांनी दोष लोकांवर टाकला. आजकाल लोक तोंडातल्या तोंडात बोलतात, असं त्यांचं मत झालं. आई म्हणायची, नाचता येईना अंगण वाकडं, आणि तेही त्यांना ऐकू जायचं नाही. हलक्या कानाचे मात्र ते कधीच नव्हते. त्यांच्याकडे चुगली करायची तर ती गावभर ऐकू जाईल इतक्या जोरात करावी लागे, तेव्हा कुणी त्या भानगडीत पडत नसे.

मिलमध्ये मशीन चालू असताना बोलणं नसतं, खुणा असतात. मूठ फिरवली की पट्टा बघ. तळहात दाखवला की थांब. दोन बोटं कपाळाला लावली की समजलं. घरीही आम्ही तसेच बोलायचो, आणि शाळेत जाईपर्यंत मला वाटायचं की सगळ्यांचेच बाबा असे बोलतात. एकदा गावात कान तपासायचं शिबिर लागलं होतं. बाबा रांगेतून उठून घरी आले. "मी का बहिरा हाय?" एवढंच बोलले आणि जेवायला बसले.

असा माणूस 'कवा आणते' विचारत होता. कारण मला नंतर आईकडून कळलं. मी त्या दोघांना माझ्या विमानात बसवणार होते, नागपुरातून. मिलमधल्या लोकांनी बाबांना सांगून ठेवलं होतं की विमान चालवणारा माइकवरून सगळ्या प्रवाशांशी बोलतो, तेव्हा पोरीचा आवाज आयकून या. बाबांनी त्यासाठी, आयुष्यात पहिल्यांदा, आपले कान गेले हे कबूल केलं होतं. माझ्या तोंडावर नाही, आईजवळ. "मशीन आणून राहिली ना ते," म्हणाले होते, "मंग आयकतो."

सुट्टीत घरी पोचले तर अंगणात खुर्ची मांडलेली, बाबा दाढी करून, धुतलेला सदरा घालून बसलेले. कानातले बोळे काढलेले. शेजारचे दोघं-तिघं उगाच आल्यासारखे उभे होते. मला वाटलं हा माझा सत्कार. मी मोठ्या ऐटीत पिशवीतून हेडसेट काढला, दाखवायला. बाबांनी तो दोन्ही हातांनी घेतला आणि डोक्यावर चढवला. माइकची दांडी नाकासमोर आली.

"हे कायले?" त्यांनी विचारलं आणि ती कपाळावर सरकवून दिली.

मला अजूनही कळलं नव्हतं. कौतुकानं मीच डबीचं बटण दाबून दिलं.

आमच्या घरापासून महामार्ग जवळच आहे, दिवसभर ट्रक चालू असतात. बाबांचे बारीक आवाज गेले होते, बोलण्यातली अक्षरं गेली होती. जड आवाज तेवढे त्यांच्यापर्यंत पोचायचे, ट्रकची घरघर, मिलची धडधड. बटण दाबल्यावर ते सगळ्यांच्या तोंडाकडे आळीपाळीनं बघत राहिले, कुणीतरी बोलेल म्हणून. शेजारच्या काकांनी विचारलं, "आयकू येते का, भाऊ?" बाबांनी त्यांच्या हलणाऱ्या ओठांकडे पाहिलं. मग माझ्याकडे वळले.

"बंद हाय का व, बाई?"

चालू होती. उत्तम चालू होती. त्यांच्या कानात जे काही उरलं होतं नेमकं तेच ती पुसून टाकत होती, आणि त्यासाठीच तर मी ती इतक्या जांभया देऊन निवडली होती.

आईनं पदर तोंडाला लावला, तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मला रडू आलं नाही, राग आला. आईचा, फोनचा, त्या शब्दाचा, त्या बघ्यांचा. मी तिरीमिरीतच बाबांच्या कानाशी गेले आणि ओरडून सांगितलं, "ही माही हाय, बाबा. विमानातली. तुमच्यासाठी दुसरी आणतो." सगळ्या गल्लीनं ऐकलं. बाबांनी हेडसेट उतरवला, खांद्यावरच्या दुपट्ट्यानं त्याच्या दोन्ही गाद्या पुसल्या आणि नीट पिशवीत ठेवला.

"बेस हाय," ते म्हणाले. "नरम हाय."

दुसऱ्या दिवशी भंडाऱ्याला कान तपासायला चला म्हणून मी मागे लागले. ते जागचे हलले नाहीत. "मशीन लावून पायली ना म्या. काई नाई आयकू येत." पुढची कितीतरी वर्षं हाच त्यांचा पुरावा होता, आणि तो मीच त्यांच्या डोक्यावर चढवला होता.

त्याच आठवड्यात ते दोघं नागपुरातून माझ्या विमानात बसले. चढताना मला बघून आईनं पदर सावरला, बाबांनी विमानाच्या पंख्याकडे मिलच्या माणसाच्या नजरेनं पाहिलं. वर गेल्यावर कॅप्टन मला म्हणाले, "आज तू बोल. मराठीत बोल हवं तर. आईवडील बसलेत म्हणून सांग सगळ्यांना." चांगला माणूस. मी माइक हातात घेतला आणि मनात आलं, सांगून काय उपयोग? ज्यांच्यासाठी सांगायचं त्यांना कुठं ऐकू जाणार? उलट माझाच आवाज फुटेल. मी नेहमीचं बोलले, हिंदीत आणि इंग्रजीत. उंची इतकी, हवामान स्वच्छ, अमुक वेळात उतरू, धन्यवाद. नव्या हेडसेटमध्ये माझा आवाज मला फार सुरेख ऐकू आला.

उतरल्यावर मी दाराशी येऊन उभी राहिले. बाबांनी मला बघितलं आणि दोन बोटं कपाळाला लावली. समजलं. मीही लावली. मला वाटलं, समजलं म्हणजे विमान समजलं.

पुढच्या सुट्टीत घरी गेले तेव्हा मिलमधले लोक अंगणात चहाला बसले होते आणि बाबा सांगत होते. कान गेलेला माणूस मोठ्यानं बोलतो, तसे मोठ्यानं.

"पोरगी माइकात बोलली. म्हणे, आज या इमानात माहे बाबा बसले हायत. त्याईनं धान भरडलं म्हणून मी उडून राहिली. सारे लोक वर पाहाले लागले."

मी आईकडे बघितलं. आई त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर होती, तिनं सगळं ऐकलं होतं. ती कपबशा गोळा करायला लागली. नंतर चुलीपाशी तिनं मला सांगितलं की माझा आवाज आला तेव्हा तिनं बाबांच्या गुडघ्यावर हात मारला होता. लोकांनी माना वर केल्या, त्या बघून बाबांनीही केली, मग डोळे मिटले आणि बोलणं संपेपर्यंत हसत होते.

मला त्यांना खोटं म्हणता येत नाही. आपल्या लेकीनं काय म्हणावं हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, म्हणून त्यांना ते ऐकू आलं. माझ्या हातात माइक होता, परवानगी होती, विमानभर माणसं होती. ती दोन वाक्यं मी बोलले असते तर निदान आईनं ऐकली असती.

आता मी मोठ्या विमानावर आहे. पंखे नाहीत, कॉकपिट पुष्कळ शांत असतं. हेडसेट तोच आहे, गाद्या तेवढ्या बदलल्या. बाबा थकलेत, त्यांना आता प्रवास झेपत नाही. मात्र त्यांनी शेवटी खरीखुरी कानाची मशीन लावून घेतली. आईनं धरणं धरलं म्हणून लावली. पहिल्या दिवशी म्हणाले, कोंबड्या लई बोलतात.

घरी कुणीही नवीन माणूस आला की विमानाची गोष्ट निघतेच. बाबा ती दोन वाक्यं म्हणतात, शब्दाचाही फरक न करता, आणि मी घरात असले तर माझ्याकडे वळून विचारतात, "नाई का व, बाई?"

मी हो म्हणते. आता त्यांच्या कानात मशीन असते, त्यामुळे माझं 'हो' त्यांना साफ ऐकू जातं.